नाकतोड्याचा आवाज

गहिनीनाथनं ताडपत्री ओढली तशी आत बसलेली पाल टुणकन उडाली आणि त्याच्या पायावरून पळाली. तो दचकला नाही. दचकायचं तेवढं संक्रांतीच्या दिवसांत एका फोनवर दचकून झालं होतं. आता त्याला पाल काय आणि साप काय, सारखंच.

ताडपत्रीखाली नाकतोडा उभा होता. मोटारसायकलला हे नाव वस्तीनं ठेवलेलं. बाकीच्यांच्या गाड्या कशा, बसक्या, सोशिक, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगले तरी हूं की चूं न करणाऱ्या. ही तसली नव्हती. उंच, काटकुळी, पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरला बोटभर जाड खुट्ट्या. गहिनीनाथच्या लेकानं, आदिनाथनं, ती केजच्या एका पोराकडून जुनी घेतली होती, आणि कशासाठी, तर मुरमाच्या खदानीत उड्या मारायला. नांदूरघाटच्या वरच्या अंगाला डोंगराचा जो उघडा उतार आहे, त्यावर जिथं शेळी चढताना दोनदा विचार करते, तिथं हा पठ्ठ्या गाडी घालायचा. जानकीबाईनं पहिल्या दिवशीच गाडीला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरून तीट लावल्यासारखं लिंबू उतरून टाकलं. आई म्हणजे शेवटी आईच असते, तिला कुठं धड रागावता येतं.

आज ही गाडी चालू झालीच पाहिजे, असं गहिनीनाथनं सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं. आजच. कारण दुपारून दीपमालाचा भाऊ परमेश्वर जीप घेऊन येणार होता आणि दीपमाला जाणार होती. सणाला माहेरी जातात तसं नाही, कायमची.

दीपमाला त्याची सून, आदिनाथची बायको. म्हणजे होती. ह्या भागात ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. दोघांतलं एक गेलं की मागं राहील तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उसाच्या फडात कुणी धड विचारत नाही. गहिनीनाथ आणि जानकीबाई असेच जन्मभर एक कोयता होते, बैलगाडीचं चाक गहिनीनाथच्या उजव्या गुडघ्यावरून जाईपर्यंत. मग त्यांच्या जागी आदिनाथ आणि दीपमाला जायला लागले. ह्या साली उसानं भरलेली ट्रॉली बांधावरून कलली आणि आदिनाथ तिच्याखाली राहिला. दीपमाला परत आली ती अर्धी होऊन. आता तेलगावच्या बाजूला एक बायको वारलेला माणूस होता, स्वभावानं बरा, तोही अर्धाच. दोन अर्ध्यांचा एक कोयता जमत होता. परमेश्वरनं ते जुळवलं, आणि गहिनीनाथनंच सुनेला जवळ बसवून जा म्हणून सांगितलं. तरण्याताठ्या पोरीला म्हाताऱ्यांच्या उशाशी बसवून ठेवायला तो काही दगड नव्हता. पण जा म्हणणं वेगळं आणि जाताना बघणं वेगळं.

"मामा, मी धरते हितून," दीपमाला मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं. सून सासऱ्याला मामाच म्हणते. आबा म्हणणारा त्याला एकच होता.

"तू आत जा, तुझी आवरासावर कर."

"आवरून झालं माझं. काय लई हाय का माझं."

तिनं गाडी स्टँडवरून काढून उजेडात घेतली. हातातलं एक जुनं फडकं हँडलच्या उजव्या मुठीवर टाकलं आणि दुसऱ्या फडक्यानं टाकी, सीट, मडगार्ड असं करत सगळी गाडी पुसून काढली. कोळ्याची जाळी, चिमण्यांची घाण, सगळं. गहिनीनाथ बघत राहिला. आदिनाथ घरी असता तर गाडीच्या जवळपास फिरकू दिलं नसतं त्यानं कुणाला.

गहिनीनाथला ह्या गाडीचं एवढं काय पडलं होतं, ते आता सांगायलाच पाहिजे. दसऱ्यानंतर निघताना पोरानं बापाला एकच काम सांगितलं होतं. शेळ्यांचं नाही, घराचं नाही. म्हणाला होता, "आबा, आठवड्यातून एकदा गाडीला किक मारा. उभी ऱ्हायली की बिघडती ती. थोडा येळ चालू ठिवायची, बंद करायची. बास." आणि जाता जाता बापाच्या बटनाच्या फोनमध्ये काहीतरी करून दिलं होतं. दोन नंबरचं बटन दाबून धरलं की थेट आदिनाथला लागायचा.

नांदूरघाटच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी गहिनीनाथनं किक मारायला घेतली. मारली, मारली, गुडघा टरारून सुजला, पण नाकतोडा काही बोलेना. संध्याकाळी पोराचा फोन आला. केली का चालू, आबा? आता पोरानं सांगितलेलं एकुलतं एक काम, तेही आपल्याच्यानं झालं नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? गहिनीनाथ म्हणाला, केली की! तर पोरगं म्हणतं, ऐकवा बरं. झाली पंचाईत. म्हातारा फोन छातीशी दाबून लंगडत शेजारी गेला, राधाकिशनच्या हातापाया पडला, आणि राधाकिशननं आपल्या जुन्या गाडीला किक मारून दिली. गहिनीनाथनं फोन सायलेन्सरजवळ धरला. पलीकडून आवाज आला, "एक नंबर हाय, आबा. करा बंद आता, पेट्रोल जळाया लागलंय."

मग दर आठवड्याला हाच खेळ. पोराचा फोन आला की बाप लंगडत शेजारी, राधाकिशनची किक, सायलेन्सरला फोन, आणि पलीकडून तेच वाक्य. गहिनीनाथला तर नंतर नंतर त्याची मजाच वाटायला लागली. गाडीचं एवढं वेड असलेल्या पोराला आवाजातला फरक कळत नाही म्हणून तो जानकीबाईला हसून सांगायचा.

आणि मग संक्रांतीच्या दिवसांतला तो फोन आला. त्यानंतर गहिनीनाथ ज्या ज्या गोष्टींसाठी रडला त्यात ही एक गोष्ट काट्यासारखी आत राहिली होती. पोरगं आपल्यावर भरवसा टाकून गेलं आणि आपण शेवटपर्यंत त्याच्या कानात खोटा आवाज ओतत राहिलो. ते आता त्याला कुठं सांगणार? पण गाडी खरी चालू करून निदान त्याच्या बायकोला ऐकवता आली, तर एक काम झालं असतं. ऐकवण्यासारखं माणूस आता तेवढंच उरलं होतं, आणि तेही दुपारून जाणार होतं.

राधाकिशन आला तो कमरेला पाना खोचूनच. मेकॅनिक म्हणवून घ्यायला ह्या माणसाला एक पाना पुरतो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबला आणि नाक वाकडं केलं.

"उभ्या गाडीचं लई वंगाळ असतंय बे गहिनीनाथ. मानूस बसून ऱ्हायला तर सांधे धरत्यात, गाडीचं बी तसंच."

"सांधे मला शिकवू नको. गाडी बघ."

त्यानं टाकीचं झाकण उघडलं. आतून पेट्रोलचा वासच येईना. रंगाचा जुना डबा उघडल्यावर येतो तसला कुबट, आंबूस वास आला. दीपमालानं न विचारताच नळी ओढली आणि सगळं जुनं पेट्रोल एका डबड्यात काढून घेतलं. राधाकिशन रस्त्यावरच्या टपरीतून बाटलीभर नवीन पेट्रोल घेऊन आला. तोवर ती खाली बसून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडवत होती. त्यातून थेंब थेंब पिवळं चिकट पाणी गळलं. मग तिनं ती वाटी खोलली, आतलं बारीक पितळी भोक उजेडाला धरलं, ते दिसेना तशी वायरीतली तांब्याची तार उपसून त्यात फिरवली, आणि तोंडानं जोरात फुंकर मारली. भोकातून उजेड दिसला.

गहिनीनाथ तोंडात बोट घालायचा तेवढा बाकी होता. "हे कुणी शिकवलं गं तुला?" तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला आपलाच राग आला. कुणी शिकवलं, हे काय विचारायचं असतं?

दीपमालानं वर बघितलं नाही. "खदानीत," एवढंच म्हणाली. "तुमी शेळ्याकडं गेलता की मला घिऊन जायचे. आत्याबाईला ठावं न्हाई."

"मला समदं ठावं हाय," आतून जानकीबाईचा आवाज आला. ती चुलीपुढं बसून वाटेसाठी धपाटे थापत होती आणि सकाळपासून बाहेर आलीच नव्हती. गाडीकडं बघणं तिनं संक्रांतीपासून टाकलं होतं. "कपाळाला टेंगूळ घिऊन आलीस तवाच कळलं मला. म्हणं शेळीनं ढुशी मारली. कोणती शेळी एवढी उच हाय आपली?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच घरातली तिघंही जराशी हसली. मग हसू आलं तसंच विरून गेलं, कारण ज्यानं सगळ्यात मोठ्यानं हसायचं तोच तिथं नव्हता.

हवेची पेटी उघडली तर आत उंदरानं घर केलेलं. कापूस, शेळीचे केस, चिंध्या. दीपमालानं मूठ मूठ काढून टाकलं, स्पंज घासलेटात धुतला, पिळला, उन्हात टाकला. सगळं परत जोडून नवीन पेट्रोल घातलं, चोक ओढला, चावी फिरवली. राधाकिशननं बाह्या सावरून किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाडीच्या पोटात नुसता हवेचा फस्स आवाज.

"प्लग बघू," राधाकिशन म्हणाला.

प्लग काळाकुट्ट निघाला. पॉलिश पेपरनं घासला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. राधाकिशन किक मारणार आणि गहिनीनाथ डोळे बारीक करून ठिणगी बघणार. किक बसली. ठिणगी नाही. पुन्हा किक बसली. कशाची ठिणगी आणि कशाचं काय. राधाकिशननं आपल्या गाडीचा प्लग काढून आणला आणि तो लावून बघितला. त्यालाही ठिणगी नाही. मग तो वायरी चाचपत पुढं हँडलकडं सरकला तशी दीपमाला मध्ये आली.

"तिकडून नको काका. तिकडं समदं ठीक हाय. ह्या बाजूनं बघा."

राधाकिशननं ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, जुना प्लग परत बसवला आणि कंबर सरळ केली. "कॉइल गेली. दुसरं काय न्हाई. बीडवरून आनावी लागंल."

"आज?"

"आज कुठं! अन् ह्या गाडीची बीडात तरी भेटती का न्हाई, काय सांगावं."

त्याला खरंच वाईट वाटलं होतं. आपला प्लग घेऊन तो मान खाली घालून घराकडं गेला. ह्या माणसाची किती थट्टा केली तरी एक आहे, पोराचा निरोप आला त्या दिवशी सगळ्यात आधी दारात हाच येऊन बसला होता.

ऊन डोक्यावर आलं. गहिनीनाथ गाडीशेजारी उकिडवा बसला, मग उठला, हँडल धरलं आणि पाय किकेवर ठेवला.

"मामा, गुडघा," दीपमाला म्हणाली.

"जाऊ दे गुडघा."

त्यानं किक मारली. कॉइल गेली असेल तर किक मारून उपयोग नाही, एवढं त्यालाही समजत होतं. पण बाप माणूस, समजलं म्हणून थांबतो का? तो मारत राहिला. घाम डोळ्यांत उतरला, गुडघ्यात कळ उठून कमरेपर्यंत गेली, तरी मारत राहिला. शेवटची किक निसटली, लोखंड उलटून त्याच्या नडगीवर बसलं आणि तो गाडीवरच आडवा झाला. दीपमालानं धावून एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं त्याला सावरलं.

"बास करा, मामा. पाया पडते तुमच्या. तशी न्हाई चालू व्हायची ती."

"मग कशी व्हती?"

तिनं उजव्या मुठीवर सकाळी टाकलेलं फडकं हळूच उचललं. सगळी गाडी लख्ख पुसलेली, पण तेवढी मूठ मात्र धुळीनं माखलेली, जशी ताडपत्रीखाली होती तशीच. मुठीच्या आतल्या अंगाला एक लाल बटन होतं. एका बाजूला कललेलं.

"हे बटन. हे असं दाबल्यालं असलं की किती बी किका मारा, ठिणगी पडतच न्हाई. दसऱ्याला निघताना दाबलं त्यांनी. पोरंसोरं येऊन किका मारत्यात म्हनून. अन् तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

गहिनीनाथ त्या बटनाकडं बघत राहिला. राधाकिशनच्या गाडीला असलं बटन नव्हतं. वस्तीतल्या कुठल्याच गाडीला नव्हतं. चावी आणि किक, ह्यापलीकडं गाडीला काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"तुला सकाळपास्नं ठावं होतं?"

"व्हय."

"मग कावून न्हाई सांगितलं, पोरी? मी हितं मरमर मरतोय..."

"सांगनार होते. समदं खोललं, समदं धुतलं, म्हनलं आता सांगू, आता सांगू. तोंडातून निघंनाच." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "त्यांच्या फोनशिवाय त्यांचं कायबी न्हाई ऱ्हायलं माझ्याकडं, मामा. कापडं तिकडं जाळली. भांडीकुंडी तिकडंच ऱ्हायली. हे बटन तेवढं त्यांनी जसं केलतं तसं हाय. त्यांचा अंगठा लागलाय त्याला. मी त्याच्यावरची धूळ बी न्हाई पुसली. चालू करायचं म्हंजी ते मोडायचं ना?"

म्हाताऱ्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी हळूहळू फिरत होतं.

"म्हंजी मी पहिल्या बाजाराला किका मारल्या, तवा बी..."

"तवा बी बंदच होतं."

"मग माझ्याच्यानं झालंच नसतं ते."

"कुनाच्याच्यानं झालं नसतं."

इतके दिवस छातीवर असलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं, आणि लगेच दुसरा येऊन बसला. "म्हंजी," तो अडखळला, "म्हंजी मी जो आवाज ऐकवला..."

दीपमालानं पदर तोंडाला लावला. तो रडण्यासाठी लावला की हसण्यासाठी, ते कळेना. बहुतेक दोन्हीसाठी असावा.

"त्या दिवशी बटनाचं सांगायलाच फोन केलता त्यांनी. म्हनले, आबाला सांगायचं इसरलो, म्हातारा किका मारून मारून बेजार झाला आसंल. अन् इचारलं, केली का चालू? तर तुमी म्हनला, केली की. मग बघत ऱ्हायले माझ्याकडं. म्हनले, ऐकवा बरं. अन् ऐकल्यावर फोन ठिवून उसाच्या पाचटात लोळून लोळून हसले. म्हनले, आबानं मला राधाकिशनकाकाचा डबा ऐकवला."

"हसला?"

"लई हसले. डोळ्यातून पानी येस्तोवर. मग दर आठवड्याला त्या फोनची वाट बघायचे. टोळीतली समदी मानसं जमायची ऐकायला."

"अन् मला बोलला न्हाई कधी."

"मी म्हनायची, सांगून टाका ना, कावून म्हाताऱ्याला पळवता. तर म्हनायचे, सांगितलं तर आबाला वाईट वाटंल. अन् म्हनायचे..." ती थांबली. "म्हनायचे, मी फोन केला की आबा माझ्यासाठी लंगडत लंगडत शेजारी जातो. मला हितं बसून दिसतंय ते. गाडीचं काय घिऊन बसलीस, मला त्योच आवाज पायजे."

गहिनीनाथ हसायला लागला. खरंच हसायला लागला, खांदे हलवून, पोराला गंडवायला निघालेला बाप स्वतःच कसा गंडला म्हणून. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि ठसक्यातून जे सुरू झालं ते थांबेचना. संक्रांतीपासून तो रडला होता ते चारचौघांत, दहाव्याला, तेराव्याला, रीतीनं. हे रडणं तसलं नव्हतं. लहान मूल हुंदके देतं तसा तो गाडीच्या सीटवर डोकं टेकून रडला. दीपमाला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायची रीत नाही, पण त्या वेळेला रीत बघायला तिथं कुणी नव्हतं.

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा दोघंही तसेच होते.

परमेश्वर खाली उतरला. शहाणा माणूस होता. त्यानं सगळ्यांचे डोळे बघितले आणि घाई करा असं काही तो बोलला नाही, नुसता जीपला टेकून उभा राहिला. जानकीबाई धपाट्यांची पुरचुंडी घेऊन उंबऱ्यात आली. दीपमाला पाया पडली. जानकीबाईनं कुंकवाची डबी हातात घेतली होती. सुनेच्या मोकळ्या कपाळापाशी तिचं बोट जरा थांबलं, मग तिनं टिकलीएवढं नाही तर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं आणि म्हणाली, "नांद नीट." मग ती आत गेली.

गहिनीनाथच्या पाया पडताना दीपमाला हळूच म्हणाली, "बटनाचं तुमच्यावर सोडते, मामा. वाटलं तर दाबा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. मी काय म्हननार न्हाई."

जीप धूळ उडवत नांदूरघाटच्या रस्त्याला लागली.

म्हातारा गाडीजवळ उभा राहिला. बटन राहू द्यावं असं त्याला फार वाटत होतं. पोराच्या हातचं तेवढंच उरलेलं. ताडपत्री परत टाकली की झालं, मग ते बटन जन्मभर तसंच राहील. पण जन्मभर म्हणजे किती? आपण गेल्यावर कुणीतरी भंगारवाला येईल, गाडी उचलेल, आणि त्याचा घाणेरडा हात त्या बटनावर पडेल. आणि पोरानं काम काय सांगितलं होतं? गाडी जपून ठेवा म्हणाला नव्हता. चालू करा म्हणाला होता.

गहिनीनाथनं हात धोतराला पुसला आणि आपला अंगठा बटनावर ठेवला. पोराचा जिथं होता तिथंच, त्या धुळीवर. जरा वेळ तसाच ठेवला. मग दुसऱ्या अंगाला दाबला. बारीकसा टक्क आवाज आला.

पहिल्या किकेला गाडी नुसती खोकली. दुसरीला गुडघ्यातून वीज गेली आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला. तिसरीला नाकतोडा बोलला. टर्रर्र करून असा काही कडाडला की शेळ्या दाव्याला हिसके द्यायला लागल्या आणि राधाकिशन हात न धुता जेवणावरून उठून कुंपणाशी आला. कुठं राधाकिशनची ती गरीब फटफट, आणि कुठं हा आवाज! ह्यात आणि त्यात फरक कळत नाही असं पोराबद्दल आपण कसं समजलो, ह्याचं गहिनीनाथला नवल वाटलं.

जानकीबाई पळत बाहेर आली. दोघांपुरत्या भाकरी थापायला बसली होती, दोन्ही हात पिठाचे. ती गाडीकडं बघतच नव्हती, रस्त्याकडं बघत होती. डोंगराच्या वळणापर्यंत तिनं सगळा रस्ता नजरेनं धुंडाळला. मग तिला उमगलं आणि ती तिथंच, उन्हात, मटकन खाली बसली.

गहिनीनाथनं खिशातून फोन काढला. संक्रांतीपासून त्यातलं आदिनाथला लागणारं बटन त्यानं दाबलं नव्हतं. दाबून काय करायचं होतं? आदिनाथचा फोन आता दीपमालाच वापरायची, आणि ती तर घरातच असायची. आज मात्र ती तिकडं होती, रस्त्यावर, दूर दूर जाणारी. त्यानं दोन नंबरचं बटन दाबून धरलं.

तिकडं फोन उचलला गेला. जीपचा घरघराट ऐकू आला.

"ऐक," गहिनीनाथ म्हणाला, आणि वाकून फोन सायलेन्सरजवळ धरला. भरपूर वेळ धरला, सगळा आवाज तिकडं जाईपर्यंत. मग त्यानं फोन कानाला लावला.

पलीकडं जीप थांबली असावी. घरघर ऐकू येत नव्हती, नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

"एक नंबर हाय, आबा," दीपमाला म्हणाली. "करा बंद आता, पेट्रोल जळाया लागलंय."

गहिनीनाथनं हूं म्हटलं आणि चावीला हात न लावता लाल बटन दाबून पोरानं ठेवलं होतं त्याच बाजूला कलतं केलं.